नांगराच्या खड्ड्यातली माती

आमच्या डोंगरावरची माती दर पावसाळ्यात किती वाहून जाते, हे मोजायला पुण्याहून एक बाई आल्या, तेव्हा ते काम त्या मलाच सांगणार याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. गावात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटी. निजामाच्या अमदानीत कळंबच्या शाळेत उर्दू चौथीपर्यंत शिकलेली, मराठी वडिलांनी घरी शिकवलेलं. नवरा गावच्या शाळेत मास्तर, म्हणून सगळे मला मास्तरीणबाई म्हणत. कुणाला पत्र आलं की माझ्याकडं, सरकारी नोटीस आली की माझ्याकडं. पुण्याच्या बाई दुसरीकडं कुठं जाणार?

साल छप्पन-सत्तावन्नचं असेल. आधी आम्ही निजामाच्या राज्यात होतो, मग हैदराबाद स्टेटमध्ये, मग मुंबई राज्यात. कागदावरचे शिक्के बदलत होते आणि डोंगर होता तिथंच होता. पण होता तसा नव्हता. पोलीस ॲक्शननंतरच्या सात-आठ वर्षांत वरची झाडी उतरली. धावडा गेला, सालई गेली, कोळशाच्या भट्ट्या लागल्या. येरमाळ्याच्या बाजारात आमच्या डोंगराचा कोळसा पोत्यानं जायचा. ज्याला जमेल त्यानं वर जाऊन उताराची जमीन फोडली. आमच्याही घरानं फोडली. माझे धाकटे दीर शेती बघत. त्यांनी दोन उन्हाळे खोडं उपटण्यात घालवले आणि वर हुलगा पेरला. त्याबद्दल तेव्हा घरात कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

बाई साधारण पस्तिशीच्या. लग्न केलेलं नव्हतं. पाचवारी पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. शाळेच्या रिकाम्या खोलीत त्यांनी ट्रंक ठेवली, आणि पहिल्याच दिवशी आमच्याकडं चहाला आल्या. मी ठेवणीतल्या कपबशा काढल्या. त्यांनी काम समजावून सांगितलं. डोंगराच्या एकाच उतारावर तीन तुकडे आखायचे. एकावर जुनी झाडी आणि गवत जसंच्या तसं राखलेलं. एकावर शेळ्यामेंढ्या चरून जमीन उघडी पडलेली. तिसरा आमचा, नांगरलेला. प्रत्येक तुकड्याला कडेनं बांध, आणि उताराच्या टोकाला दगडी बांधणीचा खड्डा, म्हणजे त्या तुकड्यावरून वाहत आलेली माती त्याच खड्ड्यात पडेल. पाऊस झाला की काठी बुडवून मातीचा थर मोजायचा. शेवटी दसऱ्यानंतर त्या येऊन सगळी माती उपसून वजन करणार.

"पाऊस थांबल्याबरोबर वर जाईल असं माणूस हवंय," बाई म्हणाल्या. "बाई असली तर उत्तम. पुरुष उद्यावर टाकतात."

"मी जाईन की," मी म्हटलं.

"तुम्ही डोंगरावर कधी गेला होतात शेवटचं?"

मला आठवेना. मागल्या संक्रांतीला बोरं आणायला गेले असेन. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ डोक्यावर गवताचा भारा घेऊन परसदारानं आत आली. भारा टाकला, पदरानं तोंड पुसलं, आणि पाहुण्या बाईंकडं बघत तशीच उभी राहिली.

"तुम्ही कुठून आलात?" बाईंनी तिला विचारलं.

"वरनं. डोंगराकडनं."

"रोज जाता?"

"दोन येळा. गुरांना काय उपाशी ठिवायचं व्हय?"

काम तिथंच ठरलं. धाकटीला अक्षर येत नव्हतं, आकडाही येत नव्हता, पण बाईंना त्याची अडचण वाटली नाही. त्यांनी बांबूच्या काठीवर खाचा पाडल्या, पूर्ण खूण आणि अर्धी खूण. धाकटीनं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायच्या: पूर्ण खुणेला लांब रेघ, अर्ध्या खुणेला आखूड. कुठला खड्डा कुठला हे कळावं म्हणून तिनं स्वतःच भिंतीवर तीन चित्रं काढली. झाड, शेळी आणि नांगर. शेळी जरा डुकरासारखी झाली होती, पण बाई त्यावर बेहद्द खूश झाल्या.

"आणि वही तुम्ही लिहा," त्या मला म्हणाल्या. "भिंतीवरच्या रेघा मोजून आकडे भरायचे. तुमचं अक्षर छान आहे."

काम दुसऱ्याला देऊन केलेली स्तुती कशी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

मला धाकटीचा हेवा वाटला. याला दुसरा शब्द नाही, आणि इतक्या वर्षांनी शोधण्यात अर्थही नाही. त्याआधी तिचा हेवा करावा असं तिच्यात मला काही दिसलं नव्हतं. ती शेणा-मातीतली, मी वहीतली. घरात कुणी पाहुणा आला की मी बोलायची आणि ती चहाचं पाणी ठेवायची. आता पाहुणी आली की माझ्याशी दोन वाक्यं बोलून गोठ्याकडं जाई. बाई पावसाआधी येत, श्रावणात येत, दसऱ्यानंतर येत. आल्या की त्या आणि धाकटी गोठ्याच्या कडेला दगडावर बसत. बाईंनी तिला भिंग दिलं होतं. दोघी तळहातावर चिमूटभर माती घेऊन भिंगातून बघत आणि हसत. मातीत हसण्यासारखं काय असतं, हे मला आजही माहीत नाही. मी चहा घेऊन गेले की बाई मान वर करून म्हणत, "वही आणता का जरा?"

एकदा मीही तिथं थांबले. बाई सांगत होत्या, "अशीच काठी घेऊन आफ्रिकेत माणसं खड्डे मोजताहेत, अमेरिकेत मोजताहेत. माणूस झाडं तोडतो, गुरं सोडतो, नांगर घालतो. त्यानं जमिनीचं काय होतं, हे सगळ्या दुनियेतलं शेजारी शेजारी मांडून बघायचंय. त्यात तुमची काठीसुद्धा येणार."

मला वाटलं, यावर आपण काहीतरी चांगलं बोलावं. मी शब्द जुळवत होते तोवर धाकटी म्हणाली, "पर बाई, तिकडली माती अन् हितली माती सारखी व्हय? पाऊस तरी सारखा असंल का?"

बाईंनी मांडीवर थाप मारली. "हाच तर प्रश्न आहे! आमच्यातले मोठे मोठे लोक यावर भांडताहेत."

मी कप गोळा करून घरात आले. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि मास्तर पाण्यावर पाणी पीत राहिले.

पहिल्या वर्षीच फरक दिसला. झाडाच्या खड्ड्यात तळाचे दगड जेमतेम झाकले होते, वर पाणी निवळशंख. शेळीच्या खड्ड्यात त्याहून बरीच माती. आणि आमच्या नांगराच्या खड्ड्यात कोपरभर. दीर तिथं उभे होते. त्यांचं तोंड उतरलं.

"म्हंजी आमी नांगर घातला ही चूक झाली, असं लिवणार का काय बाई?"

"मी चूक-बरोबर लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "माती लिहिते."

हळूहळू गावात त्या खड्ड्यांना धाकटीचे खड्डे म्हणायला लागले. भर पावसात ती डोक्यावर पोतं घेऊन निघाली की ओट्यावरची माणसं म्हणत, "निघाली मोजणीदारीण." चेष्टाच ती, पण तिला ती आवडायची. एकदा वर घसरून तिचा गुडघा फुटला, तरी लंगडत जाऊन तिनं तिन्ही खड्डे मोजले आणि आल्यावर आधी भिंतीवर रेघा ओढल्या, मग गुडघ्याला हळद लावली. मी आठवड्यातून एकदा त्या रेघा मोजून वहीत उतरवत होते. माझे आकडे सुबक होते. ते बघून कुणी मला काही म्हणत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी भाद्रपद संपत आला तरी पाऊस हटेना. सर्वपित्री अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी घटाची माती आणतात. पत्रावळीवर माती पसरायची, त्यात गहू पेरायचे, मधोमध घट बसवायचा. नऊ दिवसांत गहू वीतभर वर येतात. माती शेतातली काळी लागते, आणि दरवर्षी ती आणायचं काम धाकटीचं. पण त्या सकाळीच तिला कावळा शिवला आणि ती गोठ्याच्या पडवीत बाजूला बसली. चार दिवस देवाच्या कशाला तिचा हात लागायचा नाही, आणि सासूबाईंच्या शिस्तीत तिनं रानातही जायचं नव्हतं.

"आवंदा तू जा," सासूबाई मला म्हणाल्या. "अन् खडे आणू नको. गेल्या साली शेजारनीच्या घटात दगडच उगवले."

आमच्या आळीतल्या सात-आठ जणी टोपली घेऊन निघालो. काळ्या रानात पाय घातला की पोटरीपर्यंत आत. माती हातात घेतली तर नुसता लगदा. पत्रावळीवर टाकली असती तर तिचा दगड झाला असता. म्हणून आम्ही डोंगराच्या बाजूला सरकलो. तिथली जमीन मुरमाड, तांबूस, पायाला चिकटत नाही. पण खड्यांशिवाय मूठभर माती मिळेना. अशा शोधत शोधत आम्ही नांगराच्या खड्ड्याशी आलो. दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती, खड्ड्यातलं पाणी मुरून गेलं होतं. उतारावरून वाहत, गाळत, निवडत आलेली माती थरावर थर बसली होती. मऊ, तलम, एक खडा नाही.

शेजारच्या घरातल्या थोराड बाईला सगळी आळी काकू म्हणायची. ती काट्याच्या कुंपणातून आत वाकली.

"अगं बया! ही बघा की. चाळून ठिवल्यागत."

"ती मोजायची माती हाय न्हवं?" दुसरी म्हणाली. "धाकटीची?"

"व्हय की. मास्तरीणबाई, घ्यावं का वं?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. शेत आमच्या घराचं, खड्डा पुण्याच्या बाईंचा, आकडे माझ्या वहीत, आणि माती म्हणे धाकटीची. त्यांच्यात एकटी मीच अशी होते, जिला ती माती कशासाठी आहे ते पूर्ण माहीत होतं. घेऊ नका, एवढं म्हटलं असतं तर कुणीही हात लावला नसता. पुढं जाऊन दुसरी माती शोधली असती.

"घ्या की," मी म्हटलं. "देवीला जाणारी माती. कोण नाही म्हणणार?"

"पर तांबडी हाय."

"मग?" काकू म्हणाली. "तुळजापूरची आई काय काळं कुंकू लावती व्हय?"

सगळ्या हसल्या, कुंपण बाजूला सारलं आणि आत उतरल्या. कुणी एक टोपलं घेतलं, कुणी नणंदेसाठी म्हणून दुसरं. काकूनं चूल सारवायलाही थोडी घेतली. इतकी चांगली माती सोडून जाणं तिच्या जिवावर आलं. मी माझं टोपलं सगळ्यांच्या शेवटी भरलं. बाकीच्या उतारावरून पुढं गेल्या, तेव्हा मी मागं वळले आणि खड्ड्यातल्या मातीवरून हात फिरवून वरचा थर सारखा केला. आपण चूल सारवतो तसा. बायांच्या हातांचे ठसे, टोपल्यांच्या कडांच्या खुणा, सगळं पुसलं.

मी नुसतं 'घ्या' म्हटलं असतं, तर पुढं स्वतःला सांगता आलं असतं की लक्षात आलं नाही. हात फिरवल्यावर ती सोय राहिली नाही.

पाचव्या दिवशी धाकटी नहाण करून घरात आली आणि आधी घटाच्या पाया पडायला गेली. गहू बोटभर वर आले होते. ती वाकली, डोकं टेकलं, आणि उठायच्या आधी जरा थांबली.

"आक्का, माती तांबडी दिसतीया."

"काळी मिळाली नाही. चिखल होता नुसता."

"मग कुठनं आणली?"

"डोंगराकडनं."

तिनं मान हलवली. आमच्या आळीतल्या आणखी दोन-तीन घरी ती हळदीकुंकवाला जाऊन आली. तिथंही पत्रावळीवर तांबडी माती तिनं बघितलीच असणार. दुपारी ती काठी घेऊन वर गेली आणि खूप उशिरा परत आली. भिंतीपाशी उभी राहून बराच वेळ कोळसा नुसताच हातात फिरवत होती.

"आक्का, लिवा. झाडाचा हाय तेवढाच. शेळीचा थोडका वाढला. नांगराचा..." ती थांबली. "दोन खुना कमी."

"ऊन पडलं ना मधे. बसली असेल माती."

"मग शेळीची का बसली न्हाय?"

"ते मला काय विचारतेस? तू सांगशील ते मी लिहिणार."

तिनं भिंतीकडं वळून रेघा ओढल्या. मोठ्या जावेला उलटून विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी तो आकडा लिहिला. मागच्या आठवड्यातल्या आकड्याखाली तो नीट, एका ओळीत, दोन खुणांनी लहान होऊन बसला. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. पण त्या क्षणी बरं वाटलं.

दसरा झाला आणि बाई आल्या. सकाळी तिघीचौघी मजूर बाया लावून खड्डे उपसले, ताणकाट्यावर टोपली तोलली. दुपारी बाई आमच्या अंगणात बाजेवर वही उघडून बसल्या. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. धाकटी खांबाला टेकून उभी. मी उंबऱ्यात.

बाईंनी पानं मागं-पुढं केली. मग धाकटीला म्हणाल्या, "अमावस्येच्या आधी नांगराच्या खड्ड्यात माती इतकी होती. नंतर दोन खुणा कमी. खड्ड्यातली माती कमी कशी होईल?"

"मी मोजली तवा तेवढीच व्हती."

"उन्हानं बसली म्हणावी तर बाकीच्या दोन खड्ड्यांत तसं काही नाही. आणि आज वजनही कमीच भरलंय. म्हणजे शेवटचा आकडा खरा. मग आधीचे?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्यात नेहमीचं काही उरलं नव्हतं. "खरं सांगा. पावसात वर जायचं जिवावर आलं असेल. एखाद्या वेळी घरीच बसून रेघ ओढली का?"

"न्हाय."

"ओढली असली तर मी रागावणार नाही. पण मला कळायला हवं. एक रेघ खोटी असली तर दोन वर्षांच्या सगळ्या रेघा गेल्या. मला पुण्यात जाऊन सांगावं लागेल की या गावचे आकडे धरू नका."

"मी गेले व्हते बाई. दर पावसाला गेले व्हते."

"मग माती गेली कुठं?"

धाकटीनं मान वर केली आणि एकदाच माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं, एवढंच मला दिसलं. मग तिनं मान खाली घातली.

"मला न्हाय ठावं," ती म्हणाली.

बाईंनी वही मिटली. थोडा वेळ घड्याळाचा पट्टा सैल-घट्ट करत बसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोजणीही तुम्हीच कराल का? वर जाणं तुम्हाला जड जाईल, पण निदान आकड्यावर विश्वास तरी ठेवता येईल."

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. माझ्याच अंगणात, धाकटीच्या समोर, बाईंच्याच तोंडून. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं सुद्धा. पण खांबाशी धाकटी उभी होती, आणि तिला एक शब्द बोलून मला उघडं पाडता आलं असतं, तो तिनं गिळला होता. मोठ्या जावेचा मान म्हणून असेल, की सासूबाईंच्या घटाचं नाव नको म्हणून असेल. मला माहीत नाही. मला एवढंच समजलं की आता हे काम मी घेतलं तरी तिच्याच मेहेरबानीनं घेणार. रोज काठी घेऊन वर जाताना मला ठाऊक असेल की हे तिनं दिलंय. ते मला सोसवलं नसतं. न्यायबुद्धी वगैरे काही जागी झाली नव्हती. तिनं इथंही माझ्यावर वरचढ व्हावं, हे मला बघवेना.

"माती घटाखाली गेली," मी म्हटलं.

"कशाखाली?"

मी सगळं सांगितलं. चिखल, टोपली, काकू, मी 'घ्या' म्हटलं ते, आणि हात फिरवला तेही. सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"अगं, मग घटालाच नेली न्हवं?" त्या म्हणाल्या. "देवीच्या कामाला गेली. चोरी कसली त्यात?"

"चोरी नाही, आजी," बाई म्हणाल्या. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ती माती कशाची आहे ते?"

"होतं."

"आणि आत्ता मी हिला खोटं ठरवत होते, तेव्हाही?"

"तेव्हाही."

बाईंनी 'का' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्या उठल्या, बूट घातले आणि म्हणाल्या, "चला. घरं दाखवा."

सगळी आळी आम्ही पायाखाली घातली. मी पुढं, बाई मागं. दर दारात मी विचारायचं, कुणी किती टोपली नेली, आणि टोपलं दाखवायला सांगायचं. घटाची माती तर दसऱ्याला कुणी तुळशीत टाकली होती, कुणी रानात.

"किती नेली म्हंजी?" काकू म्हणाली. "आता माघारी देऊ का काय? गहू धरून?"

"परत नको. नुसतं सांगा."

"दोन. अन् चुलीला इतकी." तिनं ओंजळ दाखवली, ती ओंजळ एका परातीएवढी होती. मग माझ्याकडं वळून, "मास्तरीणबाई, तुमी तर घ्या म्हनला व्हता की!"

"म्हटलं होतं."

"मग आता कशाला मोजत्यात? देवीच्या मातीची मोजदाद करत्यात व्हय कुणी?"

दर दारात हेच. 'तुम्हीच घ्या म्हणाला होता' हे वाक्य मी त्या दुपारी सात वेळा ऐकलं, आणि सातही वेळा 'हो' म्हटलं. बाई मागं उभ्या राहून टिपून घेत होत्या. शेवटी वर जाऊन त्यांनी तसलंच एक टोपलं उपसलेल्या मातीनं भरलं, तोललं, आणि अंदाजानं हिशोब लावला. दोन खुणांची भरती बरीचशी जुळली. तरी त्या म्हणाल्या, "अंदाज तो अंदाज. या वर्षीचा नांगराचा आकडा मी वेगळा ठेवीन, आणि का ठेवला ते लिहीन. पण तिच्या रेघा सगळ्या धरते."

हे ऐकायला धाकटी तिथं नव्हती. ती गुरं पाजायला गेली होती. बाई ओढ्यावर जाऊन तिला शोधून आल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. दोघी परत आल्या तेव्हा बाईंचे बूट ओले होते आणि धाकटीचं नाक लाल होतं.

संध्याकाळी बाईंनी ठरवलं ते मला सांगितलं. "मोजणारा आणि लिहिणारा एकच असायला हवा. माझीच चूक झाली."

मला वाटलं अजूनही मार्ग आहे. मी म्हटलं, "मी तिला आकडे शिकवीन. महिन्याभरात येतील."

"नको," बाई म्हणाल्या. "मी शिकवते."

त्या चार दिवस जास्त राहिल्या. गोठ्याच्या कडेला त्याच दगडावर बसून, राखेत बोटानं, धाकटी एकपासून नऊपर्यंत आणि शून्य शिकली. मी तिकडं गेले नाही. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून दिसायचं तेवढं दिसायचं. बाई तिचा हात धरून गिरवायच्या. माझा हात धरून कुणी कधी काही गिरवून घेतलं नव्हतं. मी वडिलांच्या पाठीमागं उभी राहून, त्यांच्या खांद्यावरून बघून शिकले होते. बाई गेल्या, जाताना मला नमस्कार केला, नीट, पाहुण्यानं करावा तसा.

धाकटी माझ्याशी पूर्वीसारखीच वागत राहिली. आक्का म्हणायची, भाकरीला हाताखाली घ्यायची. त्या गोष्टीबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं झालं असतं.

पुढच्या मृगात पहिला जोराचा पाऊस झाला. ती पोतं घेऊन वर गेली आणि निथळत परत आली. कपडे बदलायच्या आधी चुलीपाशी बसली, हात शेकून कोरडे केले आणि वही मांडीवर घेतली. जीभ ओठात धरून, पेन्सिल दाबून, एकेक आकडा काढत होती. मी भाकरी थापता थापता बघत होते. तीन खड्ड्यांचे तीन आकडे लिहायला तिला माझ्या दोन भाकरी लागल्या.

"चारचं पोट जरा मोठं झालंय," मी म्हटलं.

"मातीनं भरलं असंल," ती वर न बघता म्हणाली.

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिनं पेन्सिल कानामागं खोचली, वही मिटली, फडक्यात बांधली. आजवर ती वही खालच्या कोनाड्यात असायची, माझ्या बोरू-दौतीजवळ. धाकटी उठली, टाचा उंच केल्या आणि वही वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागं सरकवून ठेवली. मी तिच्याहून चार बोटं बुटकी. तिथं माझा हात पोचत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.